खंडूने गायरान राखलं

एका गावात एक भोळा गुराखी होता. त्याचं नाव खंडू. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे, आणि गावाला धास्ती होती ती याचीच.

गावाचं मोठं गायरान होतं. शहरातल्या निवृत्त मंडळींसाठी तिथे सातशे घरांची वसाहत बांधायचं एका बिल्डरने मनावर घेतलं. गाव बिथरलं. सरपंच आनंदराव म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांशी आपलं वैर न्हाई. चार घरं बांधा, खुशाल ऱ्हावा. पण सातशे घरं उठली, तर आपल्या गुरांनी काय धोंडे खायचे?"

सगळ्यांत जास्त घाबरली खंडूची आई, ठकूबाई. तिच्या दोन म्हशी गायरानावर जगत, आणि त्या म्हशींवर मायलेक जगत.

ती म्हणाली, "खंड्या, गायरानात परका माणूस दिसला, की काठी घेऊन हाकलायचा."

"बरं," खंडू म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी काळा कोट घातलेला एक माणूस आला. खंडूने काठी उगारली. माणूस पळाला. खंडूने त्याला शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवला.

"अरं मुडद्या, त्यो आपला वकील हुता!" आई ओरडली. "आल्या माणसाला घोंगडी टाकावी, गूळपाणी द्यावं, काय हवं-नको इचारावं."

"बरं."

मग बिल्डरची मोजणीची माणसं आली. खंडूने घोंगडी टाकली, गूळपाणी दिलं आणि काय हवं-नको विचारलं. ते म्हणाले, "या फितीचं टोक धर." खंडूने ते दिवेलागणीपर्यंत धरलं. खुंट्या ठोकायला चांगला जाडजूड दगडही शोधून दिला. पाहुणचारात त्याने काही कमी पडू दिलं नाही.

आईने कपाळाला हात लावला. "अरं, त्या खुंट्या उपटून फेकायच्या! खुंटी दिसली, की उपटायची!"

"बरं," म्हणून खंडू तसाच निघाला. वाटेत शाळेचं पटांगण लागलं. तिथे दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेसाठी मांडव घातला होता, आणि त्याच्या दोऱ्या खुंट्यांना बांधल्या होत्या. खंडूने एकही खुंटी शिल्लक ठेवली नाही. मांडव खाली आला. आत आनंदराव सतरंज्या टाकून घेत होते. त्यांना बाहेर ओढायला चार माणसं लागली.

"मांडव हलला, की हात वर करून पेलायचा असतो रं!" आई रडकुंडीला आली. "एकट्याला झेपत नसंल, तर सगळ्यांना हाक मारायची!"

"बरं."

मांडव पुन्हा उभा राहिला. ग्रामसभा भरली. तालुक्याहून साहेब आले. त्यांनी विचारलं, "वसाहत व्हावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. बायकांनी तर हात पदराखाली घेतले. आनंदराव मिशीतल्या मिशीत हसले. ठकूबाईला इतका आनंद झाला, की तिने शेजारणीला मिठीच मारली. साहेबांचा कारकून नियमाप्रमाणे फोटो काढायला उभा राहिला.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. मांडवाचं कापड जरा फडफडलं.

"मांडव हलला!" खंडू गरजला. "हात वर करा! समद्यांनी!"

कालचा मांडव कोण विसरणार? अख्ख्या गावाने दोन्ही हात वर केले. कारकुनाने फोटो काढला.

"एकमताने मंजूर," साहेब म्हणाले. "एवढी हौस होती, तर विरोध कसला करत होता?"

एकच गलका झाला. साहेबांनी शांतपणे फोटो दाखवला. त्यात सगळ्यांच्या पुढे ठकूबाई होती, टाचा उंच केलेली, दोन्ही हात आभाळाकडे. तिने तो पाहिला आणि मटकन खाली बसून हंबरडा फोडला.

खंडू अजून हात वर करूनच उभा होता.

"आये, रडू नगंस," तो म्हणाला. "म्या घट्ट धरलाय."