धोंडाई निळारणीची दुराई

धोंडाई निळारणीला पाहिलेले कोणी आज नाही. तिला पाहिलेल्यांना ज्यांनी पाहिले, तेही नाहीत. तिचा रांजण कुणाच्या दृष्टीस पडलेला नाही. बाळोजी रंगाऱ्याने तो शब्द उच्चारला तेव्हा त्याचा आवाज चढला होता की नेहमीचाच होता, हे सांगू शकणारा साक्षीदार उरलेला नाही. तेव्हा पुढे जे येईल त्याला आधार फक्त कानांचा, आणि ते कान किती पिढ्यांचे, याचाही हिशेब लागत नाही. बोरवेढ्यात ही गोष्ट सांगणारे अवघड वळणावर ‘असे म्हणतात’ एवढे बोलून क्षणभर थांबतात. ते थांबणे प्रामाणिक आहे. म्हणून इथेही तसेच ठेवले आहे.

तर, ज्या काळी पेरणी एका राजाच्या राज्यात व्हायची आणि मळणी दुसऱ्याच्या, त्या काळातली ही गोष्ट.

बोरवेढे हे साळ्यांचे गाव. घरोघरी माग होते. सूत ज्याचे त्याचे, विणणे ज्याचे त्याचे. पण रंगवणे मात्र एकाच घराचे. रंगाचे वतन बाळोजी रंगाऱ्याकडे होते. त्याच्या पणजोबाने कोण्या एका राजाच्या तंबूला रंग दिला आणि राजाने खूश होऊन ते वतन दिले, असे म्हणतात. तंबू फाटला, राजा गेला, वतन राहिले. साळ्याने सूत बाळोजीच्याच दारी न्यायचे, तो देईल तेव्हा परत आणायचे, आणि जो रंग चढला असेल तोच आपल्याला हवा होता असे म्हणायचे.

अशा गावात एके वर्षी घाटाकडून धोंडाई आली. जातीची निळारीण, म्हणजे निळीने सूत रंगवणारी, पाठीवर टाकळ्याच्या बियांचे गाठोडे, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. गावचे रायाजी पाटील चतुर होते. साळी रंगावाचून खोळंबतात, खोळंबले की गाव सोडतात, आणि गाव ओस पडले की पाटीलकीला अर्थ उरत नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी देवळात बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि धोंडाईला कौल दिला: नदीकाठी रांजण पूर, नीळ आंबव, ज्याला तुझ्याकडे यायचे तो येईल; तुला कोणी अडवणार नाही.

धोंडाईने या शब्दावर विश्वास ठेवला, कारण शब्दावर विश्वास ठेवायला ती लहानपणीच शिकली होती. तिच्या बापाच्या दारात एकदा घोडेस्वार आले होते, रांजण जप्त करायला. बाप हत्यार धरणारा नव्हता. त्याने नुसते दोन्ही हात वर केले आणि ओरडला, “राजाची दुराई आहे!” दुराई म्हणजे राजाच्या नावाने कोणालाही घालता येईल अशी मनाई. ती ज्याला घातली त्याने हात जिथे असेल तिथे थांबवायचा. मग राजाचा माणूस येणार, दोन्ही बाजू ऐकणार, निवाडा करणार, आणि तोच दुराई उठवणार. दुर्बळ माणसाला बळवंताचा हात धरता यावा, म्हणूनच ती रीत होती. स्वारांनी खरोखरच लगाम खेचले. पुढे न्याय करणारा आला, चिंचेखाली बसला, त्याने दोघांचे ऐकले, आणि रांजण जागचे हलले नाहीत. नुसता एक शब्द घोडे थांबवू शकतो, हे त्या मुलीने डोळ्यांनी पाहिले होते. तिच्या साऱ्या आयुष्याचा पाया तो होता.

धोंडाईने नदीकाठी झोपडी घातली आणि तीत रांजण पुरला. चुना, गूळ, टाकळ्याचे बी घालून नीळ आंबवली. निळीचे आंबवण जिवंत असते. त्याला रोज ढवळावे लागते, खाऊ घालावे लागते, थंडीत ऊब द्यावी लागते. दुर्लक्ष झाले की ते मरते, आणि मेलेले पुन्हा उठत नाही. तिच्या रांजणातून सूत बाहेर यायचे तेव्हा ते हिरवट पिवळे असायचे. वारा लागला की बघता बघता निळे व्हायचे. ते निळे इतके गहिरे की वाळत घातलेल्या सुताला पाणी समजून बगळे त्यावर उतरत, असे म्हणतात.

साळणींची रीघ लागली. शेजारची ठकू साळीण तर रोजच येऊन बसायची.

“बाळोजीचा रंग म्हंजी आमच्या घरधन्याचा राग,” ठकू म्हणायची. “पहिल्या धुण्यात उतरतो.”

“आन् माजा?” धोंडाई विचारायची.

“तुजा रंग सासूच्या टोमण्यावानी. लुगडं फाटंल, पर त्यो जायचा न्हाई.”

गावात प्रथमच असे झाले की साळी घरातून निघताना कोणत्या वाटेने जायचे हे स्वतः ठरवत होता. ही लहान गोष्ट आहे असे कोणाला वाटेल. बोरवेढ्यातल्या लोकांना ती इतकी मोठी वाटली की काही जण नुसतेच दोन्ही वाटांच्या फाट्यावर उभे राहत आणि मग चालू लागत.

बाळोजीच्या दारातले गवत वाढू लागले. एका बाजारच्या दिवशी तो नदीकाठी आला. धोंडाई वाकलेली होती, उजवा हात रांजणात, हातात सुताची लड. बाळोजी उंबऱ्याबाहेर थांबला आणि म्हणाला,

“निळारणी, राजाची दुराई आहे. हात काढ.”

धोंडाईने हात काढला. लड आतच राहिली.

ती मुळीच घाबरली नव्हती. उलट तिला मनातून बरेच वाटले. आता राजाचा माणूस येईल, तिचा कौल ऐकेल, बाळोजीचे वतन ऐकेल, आणि एकदाचा निवाडा होईल. तिने हात पुसला, घोंगडी अंथरली आणि उंबऱ्यात वाट पाहत बसली.

राजाचा माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही. रांजणातून आंबूस वास यायचा तो बदलू लागला.

ठकू कळवळली. “अगं बये, ढवळ की जरा! कोन बघतंय?”

“दुराई हाय.”

“दुराईला डोळं असत्यात व्हय?”

“ठकू, आज मी ही मोडली, तर उद्या माज्या दारात घोडी आल्यावर मी काय वरडू? आन् वरडले तरी थांबंल कोन?”



धोंडाई पाटलांकडे गेली. रायाजी पाटील ओसरीवर पान लावत होते.

“पाटील, तुमी बेलभंडार उचलला हुता.”

“उचलला होता, बाई. नाही कुठं म्हणतोय?”

“मग ही दुराई उठवा.”

पाटलांनी पान बाजूला ठेवले. “कौल माझा, दुराई राजाची. माझ्या शब्दानं राजाचा शब्द कसा उठंल? कसब्याला जा. तिथं ठाणेदार आहे.”

ती कसब्याला गेली. ठाणेदार म्हणाला, वर विचारतो. ती परत आली, पुन्हा गेली. तोवर ठाणेदार बदलला होता, कारण राजाच बदलला होता. नवा ठाणेदार भला माणूस होता, असे म्हणतात. त्याने तिला बसायला सांगितले, पाणी दिले आणि समजावले, “बाई, जुन्या राजाची दुराई उठवणारे आम्ही कोण? आणि ती नाहीच असं म्हणावं, तर उद्या जुन्या राजानं दिलेलं सगळंच नाही म्हणावं लागेल. जमिनी, इनामं, माझी ही जागासुद्धा. तुम्ही थांबा. वर विचारतो.”

ज्या राजाच्या नावाने दुराई घातली गेली, तो त्या बाजारच्या दिवशी जिवंत होता की आधीच गेला होता, हेही कुणाला नक्की सांगता येत नाही.

धोंडाई परत येऊन उंबऱ्यात बसली. इथपासून गोष्टीला दुसरा रंग चढतो. निळारणीचे हात निळे असतात, त्यात नवल नाही. पण हात रांजणाबाहेर असूनही तिचा निळेपणा वर चढू लागला, असे म्हणतात. कोपरावरून दंडावर आला, दंडावरून खांद्यावर. साळणी रोज येऊन पाहत आणि पदराआड कुजबुजत. ठकू भाकर आणायची. धोंडाई अर्धी खायची आणि विचारायची, “वाटंवर कुनी दिसलं का?” ठकू सुरुवातीला नाही म्हणायची. पुढे ती म्हणू लागली, “धूळ दिसली.” त्याहून पुढे तिला तेही म्हणवेना.

साळ्यांचे सूत पडून राहिले. बाळोजीकडे परत जायला मन घेईना, आणि दुसरी वाट बंद. एकेक घर माग उकलून गाडीत घालू लागले आणि कसब्याच्या पलीकडच्या पेठेची वाट धरू लागले. म्हणजे बाळोजीकडेही कोणी उरेना. वतन होते, रंगवायला सूत नव्हते.

शेवटी बाळोजी पुन्हा नदीकाठी आला. या वेळी तो उंबऱ्याच्या आत आला आणि खाली बसला.

“निळारणी, चूक झाली. मी माझी दुराई मागं घेतो. उठ, रांजणाला हात लाव.”

धोंडाईने त्याच्याकडे पाहिले. तिच्या मानेपर्यंत निळा रंग आला होता.

“तुमची कुटं, बाबा? राजाची म्हनाला हुता न्हवं?”

“म्हणालो होतो.”

“मग तुमी कशी घ्याल मागं?”

बाळोजीला रडू आले, असे म्हणतात. त्याने बाही सरकवली, आपलाच हात रांजणात घातला आणि तळाशी पडलेली ती लड वर काढली. इतके दिवस राहून ती कुजायला हवी होती. ती कुजली नव्हती. हिरवट पिवळी, जशी नुकतीच बुडवलेली. त्याने ती वाऱ्यावर धरली आणि दोघे वाट पाहू लागले. वारा लागत राहिला. ऊन कलले. लड निळी झाली नाही, पांढरी झाली नाही. जशी होती तशीच राहिली. बाळोजीने ती दोरीवर टाकली आणि तो मान खाली घालून घरी गेला. त्या रात्रीनंतर त्याने रंगाला हात लावला नाही.

पुढे एका सकाळी निळा रंग धोंडाईच्या ओठांवर आला, आणि ती वाटेवर कुणी दिसले का हे विचारायची थांबली. उपाशी माणसाचे ओठ निळे पडतातच, असे समंजस माणूस म्हणेल. बोरवेढ्यातही समंजस माणसे होती. त्या सकाळी त्यांनीही पागोटी उतरवली. ठकूने तिचे डोळे मिटले. उजवा हात तेवढा रांजणापासून दूर धरलेला होता, तो शेवटपर्यंत खाली घेता आला नाही, असे म्हणतात.

त्या पावसाळ्यात नदीला पूर आला आणि रांजण, झोपडी, दोरी, लड, सगळे घेऊन गेला. साळी परतले नाहीत. आज बोरवेढ्यात एकही माग नाही. ज्या जागी तिचा उंबरा होता असे सांगतात तिथे एक दगडी ओटा आहे, आणि त्याला ‘धोंडाईचा ओटा’ म्हणतात. त्यावर मूर्ती नाही, शेंदूर नाही. नवस कोणी बोलत नाही; जिचे स्वतःचे गाऱ्हाणे कोणी ऐकले नाही तिला दुसऱ्यांची कशी सांगायची, असे म्हाताऱ्या म्हणतात.

पण एक रीत आहे. गावात ज्याला नवा धंदा मांडायचा असेल, टपरी असो की कुक्कुटपालन, त्याने गाव जमवून ओट्यापाशी उभे राहायचे आणि तीनदा मोठ्याने विचारायचे, “दुराई आहे का?” तिन्ही वेळा गावाने गप्प राहायचे. मग नारळ फोडायचा, आणि त्यानंतर त्या धंद्याला कोणी आडवे जायचे नाही. ज्याला हरकत असेल त्याने तिथेच, तोंडावर बोलावे, असा या रीतीचा अर्थ. आजवर कोणी बोलले नव्हते. लोकांना ती शांतता इतकी सवयीची झाली होती की तिसऱ्या प्रश्नाआधीच पोरे खोबऱ्यासाठी हात पुढे करत.

गेल्या वर्षी वृषाली कुदळे ओट्यापाशी उभी राहिली. तिने मिरची कांडपाचे यंत्र आणले होते, पत्र्याची शेड घातली होती, विजेची जोडणी घेतली होती. गावात आधीचे एक कांडप आहे, ते सरपंचांच्या मेहुण्याचे. तिने पहिल्यांदा विचारले. गाव गप्प. दुसऱ्यांदा विचारले. गाव गप्प. तिसऱ्यांदा तिने विचारले, आणि गर्दीच्या मागच्या बाजूने कुणीतरी म्हणाले,

“आहे.”

काही जण हसले. मग हसू थांबले. सगळ्यांनी मागे वळून पाहिले, आणि मागे उभे असलेल्यांनीही मागे वळून पाहिले.

“कोण बोललं?” वृषालीने विचारले.

कोणी पुढे आले नाही.

“अगं, चेष्टा केली असंल कुणीतरी,” सरपंच म्हणाले. “मनावर नको घेऊस. फोड नारळ.”

“चेष्टा होती हे तुम्ही लिहून द्याल का, भाऊ?”

सरपंचांनी घड्याळाकडे पाहिले. “मी कोण लिहून देणारा? मी बोललो असतो तर गोष्ट वेगळी.”

“मग उठवायची कुणी?”

यावर बराच खल झाला. ग्रामसभेत झाला, पारावर झाला, तालुक्याला जाणाऱ्या एसटीतही झाला. जो बोलला त्यानेच उठवावी, असे काहींचे मत पडले. बोलणाराच नाही तर दुराई कसली, असे दुसऱ्यांचे. मेहुण्याने देवाशपथ सांगितले की तो त्या दिवशी गावातच नव्हता, आणि ते खरे निघाले. आवाज पुरुषाचा होता की बाईचा, यावरही ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसांचे एकमत झालेले नाही.

यंत्र अजून ताडपत्रीखाली आहे.