येसाईची चुन्याची रेघ

फार वर्षांपूर्वीची, नांदेवळच्या घाटाला पायऱ्याही नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट. भिवळी नदी तेव्हाही इथेच तळ्यात उतरायची आणि बेटावर बेटाईचं दगडी देऊळ तेव्हाही होतं. लोक लांबून यायचे, कुणी देवीला, कुणी हवा खायला, कुणी नुसतेच पाण्यात पाय सोडून बसायला. त्यांना बेटावर नेणारी नाव होती येसाई भोईणीची.

येसाई जिभेची तिखट आणि रीतीची पक्की. उतारू बसले की नावेच्या कुशीला पाणी जिथे टेकेल तिथे ती चुन्याची रेघ ओढायची. परतताना पाणी त्याच रेघेला टेकलं पाहिजे. वर चढलं, तर कुणीतरी बेटावरचं काही उचललं. मग ती वल्हं मांडीवर घेऊन बसायची, चोर आपणच पुढे येईपर्यंत. कनवटीला लावलेला एवढासा खडाही रेघेला कळायचा, असं म्हणतात. रेघेनं तिला कधी फसवलं नव्हतं, म्हणून रेघेपलीकडे ती काही बघतच नसे.

एकदा तुळाजीराव सरदार जलविहाराला आले. सोबत दोस्त, बाजेवाले, फराळाच्या टोपल्या आणि त्यांची दाई भागूबाई. या भागूबाईनं सरदाराला अंगावर पाजून वाढवलं होतं. मरायच्या आधी एकदा बेटाई बघायची, एवढीच म्हातारीची हौस. वाटेत सरदारानं रेघेबद्दल विचारलं आणि येसाईनंही कौतुकानं सगळं सांगितलं. पुढे ती त्याच बोलण्यावर जन्मभर चिडून राहिली.

बेटावर बाजा वाजला, फराळ झाला, उष्ट्या पत्रावळी देवीच्या दारात पडल्या. मग सरदाराची नजर मूर्तीवर गेली. आमच्या बागेतल्या कारंज्यावर शोभेल, म्हणाला. गावचा पाटील सोबत होता. त्यानं मान खाली घातली आणि पुटपुटला, पाहुण्याचं मन मोडू नये. अशा पाटलाला काय म्हणावं! पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून त्यानं गावची आई देऊन टाकली.

परतायला सगळे बसले. येसाईनं वाकून पाहिलं. पाणी बरोब्बर रेघेला टेकलेलं. तिनं निःशंक मनानं नाव सोडली.

तळ्याच्या मध्यावर वारा फिरला. वारा फिरला की बेटाचं खालचं अंग पाण्याखाली जातं, हे नांदेवळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. येसाईनं सहज मागे पाहिलं, तर खालच्या खडकावर काहीतरी पांढरं हललं. लुगड्याचा पदर होता तो.

"म्हातारी कुठं हाय?" तिनं विचारलं.

सरदारानं शालीखालच्या मूर्तीवर हात ठेवला. "राहिली मागे. उद्या माणूस पाठवून आणवू. देवी जड आहे, बाई. कुणीतरी उतरायला हवंच होतं. तुझीच रेघ ना?"

येसाईचं डोकं फिरलं. सरदारावर फिरलं, पाटलावर फिरलं आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. रेघ बघितली, माणसं बघितली नाहीत.

"जिचं दूध प्यालास तिला पाण्यात सोडलीस?" ती म्हणाली. "आरं, देवी माणसाइतकी जड असंल, पर माणसाच्या जागी बसायची न्हाई."

तिनं वल्हं टाकलं, पदर खोचला आणि पाण्यात उडी घेतली.

मग नाव जागची हलेना. सरदाराची माणसं घाम गाळत वल्हवू लागली, नाव नुसती जागच्या जागी गरगर फिरे. पाणी रेघेच्या वर चढू लागलं, बोटभर, मग वीतभर. शेवटी पाटीलच रडकुंडीला येऊन म्हणाला, मागं फिरवा. बेटाकडे तोंड वळताच नाव पिसासारखी निघाली, असं म्हणतात.

तोवर येसाई भागूबाईला पाठीवर घेऊन देवळाच्या ओट्यावर चढली होती. तिनं मूर्ती जागेवर ठेवायला लावली आणि सगळ्यांना उतरवलं. एकट्या म्हातारीला नावेत बसवलं. नावेत दोघीच बायका, तरीही पाणी बरोब्बर रेघेला टेकलं, असं म्हणतात.

घाटावर पाय लागताच भागूबाई म्हणाली, "जा गं, आण त्याला. ल्हानपणापासनं असाच हाय त्यो."

"बसू दे की रातभर. उष्ट्या पत्रावळी कोण उचलंल?" येसाई म्हणाली. आणि बसवलाच तिनं. सकाळी आणला तेव्हा देवीचं अंगण लख्ख होतं.

आता नांदेवळला मोटारीच्या नावा आहेत, फुगीर जाकिटं आहेत, काठावर तंबू आहेत. सरदार गेले, पण त्यांचे भाऊबंद दर रविवारी येतात, बाटल्या टाकतात, देवळाचे चिरे खरवडून नावं कोरतात. मेल्यांना लाज नाही. पण बेटावर जाणारी वल्ह्याची नाव आजही रेघ ओढल्याशिवाय सुटत नाही. आणि परतताना नावाडी रेघेकडे नंतर बघतो. आधी नावेतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापुढे वाकून विचारतो, "आलं का समदं माणूस?"

कुणी हसतं, कुणी घाई करतं, कुणी मोबाईल काढतं. नावाडी वल्हं मांडीवर घेऊन बसून राहतो. म्हातारं माणूस एकेक तोंड निरखून "आलं" म्हणेल, तेव्हाच नाव सुटते.