पाहुण्याचं पाणी

“वय झालं असेल का, बाई?”

हा प्रश्न तिरोडकरांनी पायरीवरूनच विचारला की आत येऊन टेकल्यावर, हे त्यांना आता खात्रीनं सांगता येत नाही. पुष्कळ वर्षं झाली. कधी आठवतं, बाई पडवीत बसून आमसुलं निवडत होत्या. कधी वाटतं, आमसुलं दुसऱ्याच कुठल्या दिवशीची, त्या दिवशी बाई नुसत्याच बसल्या होत्या. बाईंचं उत्तर मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. निदान तसा त्यांचा समज आहे.

“कोणाचं?” बाईंनी विचारलं.

“पाहुण्याचं.”

पाहुणा म्हणजे कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातलं समुद्रफूल. नावाला फूल, जातीनं प्राणी. तळव्यानं खडक धरून बसायचं, तोंडाभोवतीची मऊ बोटं पाण्यात पसरायची, त्यात सापडेल ते खायचं, एवढाच त्याचा संसार. नाबरबाईंनी तरुणपणी ओहोटीच्या वेळी खडकावरून ते अलगद सोडवून आणलं आणि काचेच्या टाकीत ठेवलं. मुलांनी त्याला नाव द्यायचा आग्रह धरला, तर बाई म्हणाल्या होत्या, “नाव घरच्यांना देतात. हा पाहुणा आहे. आला नाही, आपण आणलाय.”

बाई निवृत्त होऊन आचऱ्याला राहायला गेल्या, तेव्हा टाकीसकट पाहुणा तिरोडकरांच्या हवाली झाला. तिरोडकर त्यांचेच विद्यार्थी, त्यांच्याच हाताखाली डॉक्टर झालेले, आणि आता विभागप्रमुख.

पाऊस सरल्यापासून पाहुणा मिटत चालला होता.

बाईंनी नुसतं ‘हो, वय झालं’ म्हटलं असतं, तर तिरोडकर आल्या पावली परत गेले असते. वय झालं म्हटलं की कोणाकडे बोट दाखवायला नको. खरं तर तेवढंच ऐकायला ते एवढ्या लांब आले होते.

“पाहुण्याचं वय काढू नये,” बाई म्हणाल्या. “होतंय काय, ते सांग.”

“अर्धाच उघडतो. रंग उतरलाय. अंगानं निम्मा झालाय.”

“आक्रसतो तर तो नेहमीच. पोटातलं जुनं पाणी टाकतो, पुन्हा भरतो. तू पहिल्यांदा बघितलंस, तेव्हा मेला म्हणून रडत आला होतास माझ्याकडे.”

“रडत नव्हतो आलो.”

“डोळे पुसत होतास.”

“टाकीतलं पाणी उडालं होतं, बाई.”

“बरं.”

तिरोडकरांनी चष्मा काढून पुसला.

“आता आक्रसला की भरत नाही,” ते म्हणाले.

“तोंड?”

“सैल. उघडंच राहतं.”

“बोट लावून बघितलंस?”

“बघितलं.”

“धरतो?”

“पूर्वी धरायचा. बोट सोडवून घ्यावं लागायचं. आता…”

“तळवा?”

“काच सोडलेली नाही अजून.”

“म्हणजे राहायचंय त्याला,” बाई म्हणाल्या, आणि थोड्या पुढे सरकून बसल्या.

मग तिरोडकरांना कंठ फुटला. पाण्याचा खारटपणा, ऊब, आम्लता, घाणीतून सुटणारा अमोनिया, सगळं तपासलं होतं. आकडे तोंडपाठ होते. दिवा जुना झाला म्हणून नवा बसवला. कोळंबीचे तुकडे नकोत म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्यांतला मऊ गर दिला. टाकी खिडकीशी नेली, मग खिडकीपासून लांब आणली. बोलता बोलता आवाजाला वर्गातली धार आली. बाई पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या हनुवटी हातावर ठेवून ऐकत होत्या.

“सगळ्यांवर संशय घेतलास?”

“सगळ्यांवर.”

“घेतला नाहीस, असं काय राहिलं?”

तिरोडकर हसले. “ते कसं सांगणार, बाई? ज्याचा संशयच आला नाही, ते आठवायचं कसं?”

“तेच विचारतेय.”

…

“टाकीतलं पाणी आटतं, तेव्हा काय करतोस?”

हे जरा अतीच झालं, असं तिरोडकरांना वाटलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारायचा प्रश्न.

“पाणी आटतं, मीठ मागे राहतं. म्हणून वरून गोडं पाणी घालतो. तुम्हीच शिकवलंत.”

“कसं घालतोस?”

“कसं म्हणजे? घालतो.”

“दाखव.”

“काय दाखवू?”

बाईंनी कोपऱ्यातली रिकामी कुंडी पायानं पुढे सारली. “ही टाकी.”

तिरोडकरांनी आजूबाजूला बघितलं. पडवीत दुसरं कोणी नव्हतं. इस्त्रीच्या बाह्या वर सारून विभागप्रमुख कुंडीपाशी उकिडवे बसले. रिकामा हात त्यांनी कुंडीत बुडवला, वर काढला, बाजूला ओतला.

“आधी तळाशी साचलेलं थोडं काढतो. मग नवं घालतो. हळूहळू. त्याच्या अंगावर धार पडता कामा नये.”

हात पुन्हा कलला. बाई त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. नसलेल्या कसल्या तरी भांड्याच्या गळ्याभोवती बोटं गोल वळली होती.

“हातात काय आहे?”

“तांब्या.”

बाई आत गेल्या आणि लख्ख स्टीलचा तांब्या घेऊन आल्या. तिरोडकरांनी तो धरला, कुंडीवर कलवला, आणि थांबले.

“हा नाही, बाई. हा हलका आहे. माझा जड आहे. आईचा.”

“कसला?”

“तांब्याचा.”

तिरोडकरच सांगत राहिले. पावसाळ्यात आई गेली, तेव्हा घरातून तेवढीच एक वस्तू त्यांनी मागून घेतली. नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून पाणी आदल्या दिवशी त्यात भरून ठेवायचं. आई आयुष्यभर तेच पाणी प्यायली. आता ते स्वतः पितात, आणि पाहुण्यालाही तेच.

“त्याला वेगळं कशाला?” ते म्हणाले. “माझ्यासाठी चांगलं, ते त्याच्यासाठी चांगलं.”

“बरं.”

बाईंनी आतून सोलकढी आणली. तिरोडकरांनी एका दमात पेला संपवला. कॉलेजच्या गावात अशी सोलकढी मिळत नाही, असंही म्हणाले.

“आवडली?”

“आवडली म्हणजे काय.”

“मग पुढच्या खेपेला येताना आईचा तांब्या आण. भरून देते.”

“तांब्यात कशी नेणार, बाई? आंबट आहे, कळक…”

शब्द तोंडात राहिला.

बाईंनी आपल्या पेल्याच्या तळाशी राहिलेली सोलकढी हलवून बघितली, आणि प्यायल्या.

कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नये, धातू उतरतो, पदार्थ कळकतो. ज्या घरात असं भांडं असतं, त्या घरातल्या लहान पोरालाही हे शिकवावं लागत नाही. ताक कुठल्या भांड्यात ओतायचं नाही, हे त्याला चालायला लागल्यापासून ठाऊक असतं.

“समुद्राचं पाणी आंबट नसतं,” तिरोडकर म्हणाले.

“नसतं.”

“खारं असतं.”

“हो.”

“खाऱ्यानंही उतरतं.”

“उतरतं का?” बाईंनी विचारलं. चेहऱ्यावर खरीच उत्सुकता होती. “तुझा प्रबंध कशावर होता रे? विसरले मी. वय झालं.”

तिरोडकरांचा प्रबंध तांब्यावर होता. होडीच्या बुडाला शिंपले-कालवं चिकटू नयेत म्हणून तांबं घातलेला रंग फासतात. त्या रंगातून पाण्यात उतरणारं तांबं खाडीतल्या जिवांचं काय करतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं होतं. मासा तग धरतो, पण बिनकण्याचा मऊ जीव थेंबभरानंही कोमेजतो, हे वाक्य त्यांचंच होतं. बाईंनीच ते तपासलं होतं. पण प्रयोगशाळेत त्याला कॉपर म्हणत. ते निळ्या खड्यांच्या रूपात बाटलीत राहायचं, बाटलीवर चिठ्ठी असायची. घरात होता तो तांब्या. स्टीलचा असला तरी तांब्या, प्लास्टिकचा असला तरी तांब्याच. या दोघांची तिरोडकरांच्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती.

“जंतू मरतात म्हणून ठेवत होतो, बाई.”

“मरतातच.”

“मग…”

“त्या बिचाऱ्या भांड्याला कसं कळावं, जंतू कोण आणि पाहुणा कोण?”

तिरोडकर कुंडीपाशी तसेच बसून होते. हातात अजून बाईंचा स्टीलचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला, मग उचलून नीट कडेला ठेवला, आणि उठले.

“पुढची बस कधी आहे?”

“आहे अजून वेळ. जाऊन काय करशील?”

“पाणी बदलेन. एकदम नाही, थोडं थोडं. एका झटक्यात बदललं तर तेवढ्यानंच जायचा. प्लास्टिकच्या मगानं.”

“आणि वाळू?”

टाकीच्या तळाशी वाळू होती. तिरोडकरांनी स्वतः किनाऱ्यावरून वेचलेली, शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची, पांढरीशुभ्र. विभागात कोणी पाहुणे आले की आधी त्या वाळूचं कौतुक करत.

“वाळूनं काय केलंय, बाई?”

“काही नाही.”

“पाणी बदललं की दोष गेला. वाळू धुऊन घेईन हवी तर.”

बाईंनी पेले उचलले. दारापर्यंत गेल्या, आणि वळल्या.

“पाणी विसरतं रे,” त्या म्हणाल्या. “वाळू विसरत नाही.”

आणि आत गेल्या. आतून भांडी विसळल्याचा आवाज येऊ लागला. तिरोडकर थोडा वेळ दाराकडे बघत थांबले. मग चपला घालून बसच्या थांब्याकडे चालू लागले.

वाळूचं त्यांना पटलं नव्हतं. तरी बाईंचा शब्द, म्हणून त्यांनी ती सगळी काढली. फेकवेना, तेव्हा एका बरणीत भरून झाकण लावून टाकलं. पाहुणा उघड्या काचेवर, कोऱ्या पाण्यात बसला. बरेच दिवस तो तसाच मिटलेला होता, आणि बरेच दिवस तिरोडकर सकाळी कॉलेज उघडायच्या आधी येऊन टाकीसमोर उभे राहत. काही तपासत नसत. तपासायचं ते आता दिसतच होतं. पुढे एका सकाळी त्यांनी बोट लावलं, आणि बोट सोडवून घ्यायला वेळ लागला. त्या दिवशी पहिल्या तासाला ते उशिरा पोचले, आणि उशीर का झाला हे मुलांना सांगितलं नाही.

बाईंना त्यांनी पोस्टकार्डावर एवढंच कळवलं, की पाहुणा बोट धरतो. बाईंचं उत्तर आलं नाही. आलं असेल आणि आपणच विसरलो असू, असंही तिरोडकरांना अधूनमधून वाटतं.

वाळूबद्दल त्यांनी बाईंना पुन्हा विचारलं नाही. विचारायचं होतं. मग बाई गेल्या.

त्यानंतरही पुष्कळ वर्षांनी, स्वतः निवृत्त होताना कपाटं रिकामी करत असता बरणी हाती लागली. वाळू ठणठणीत कोरडी होती, तशीच पांढरी. तिरोडकरांनी त्यातली मूठभर नव्या, स्वच्छ समुद्राच्या पाण्यात भिजत घातली, आणि ते पाणी तपासायला पाठवलं.

पाण्यात तांबं निघालं.