कौतिकाच्या कमरेचं पाणी

आपल्या पणज्यांच्या पणज्या परकर नेसून फिरत होत्या, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. झाडीच्या मुलखात मोहटोला नावाचं गाव होतं. गावाला मोठा तलाव होता आणि तलावात इतकी कमळं होती, की बगळे पानांवरून चालत पैलतीरी जायचे, असं म्हणतात.

गावचे तिमाजी पाटील उंचपुरे, ताडमाड माणूस. मनानं वाईट नव्हते, पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांच्या लेकीच्या लग्नात व्याही म्हणाले, "तलाव हाय का गवताचं रान?" झालं! पाटलांनी अख्ख्या तलावातलं कमळ मुळापासून उपटून काढलं. पाणी घासलेल्या थाळीसारखं लखलखलं आणि पाटलांनी मिशांना पीळ दिला.

पुढच्याच वर्षी मासळी नाहीशी झाली. अंडी घालायला आडोसाच उरला नव्हता. चैतात पाणी हिरवं होऊन नासलं. लाटा अडवायला पानं नव्हती, म्हणून तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, ढासळू लागली. मासे धरून पोट भरणाऱ्या ढिवरांनी जाळी गुंडाळली आणि गाव सोडायचं ठरवलं.

त्या ढिवरांत कौतिका नावाची विधवा बाई होती. तिच्या नवऱ्याची राख याच पाण्यात होती. मासळी कुठंही मिळाली असती, पण तो कुठं मिळणार होता? तिचा जीव तुटत होता. ती आपल्या लोकांना म्हणाली, "एक पानकळा थांबा बाप्पा. कमळ परतलं नाई, तर मीच पयले डोईवर गाठोडं घेतो."

लोक त्या पावसाळ्यापुरते थांबले. कौतिका जंगलातल्या ओसाड बोड्या, म्हणजे लहान तळी, पालथी घालू लागली. चिखलात कोपरापर्यंत हात घालून तिनं कमळाचे कंद काढले. कमळाचं बी टणक, ते दगडावर घासलं तरच रुजतं. तिनं ते इतकं घासलं, की तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या, असं म्हणतात. उन्हाळ्यानं तलाव आटत आला होता. ती पाण्यात उतरली आणि आपल्याच अंगाच्या मापानं लावत गेली. घोट्याएवढ्या पाण्यात देवधान हे रानभाताचं गवत, गुडघ्याएवढ्यात पांढरी पोयणी म्हणजे कुमुद, कमरेएवढ्यात कमळ. त्यापुढचं पाणी तिनं जाळ्यासाठी मोकळं ठेवलं. काठावरून बायका हसायच्या, "ढिवरीन माळीन झाली वो!"

ती हसण्यावारी न्यायची. लावणी उरकल्यावर मात्र तिनं पाटलांना हात जोडून सांगितलं, "पानं वर येईपावेतो पानी कमरेच्या वर चढू देऊ नोका जी. मोरी उघडी ठेवा." मोरी म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, ते पाटलांच्या ताब्यात होतं. पाटलांनी शब्द दिला.

मग पाऊस लागला तो सात दिवस सात रात्री. पाटील रोज कमळांपाशी पाण्यात उतरून बघत. पाणी कमरेच्या खालीच होतं. भातासाठी पाणी साठायला हवं, म्हणून त्यांनी खुशाल मोरी बंद ठेवली आणि घरी जाऊन जेवले. शब्द मोडला असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

इकडे कौतिकाची कोवळी पानं बुडाली. ती धावत मोरीशी गेली, पण ते लाकडी दार तिला एकटीला हलेना. ती तशीच पाण्यात शिरली आणि आपल्या कमळांमध्ये जाऊन उभी राहिली. लोकांनी हाका मारल्या. ती म्हणाली, "हे बुडाले तं मीबी बुडतो." पाणी चढत गळ्याशी आलं, हनुवटीला टेकलं आणि तिथंच थांबलं. पाऊस पडतच होता, पण पाण्याला तिच्या ओठांना शिवायचा धीर झाला नाही, असं म्हणतात.

पाटील धावत आले आणि तडक पाण्यात उतरले. "अवो कौतिकाबाई, वेड लागलं का? पानी तं कमरेएवढंच हाय!"

कौतिकानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या कमरेचं पानी माझ्या गळ्याचं हाय, पाटील."

तिमाजी पाटलांनी आपल्या कमरेकडे पाहिलं, मग तिच्या हनुवटीकडे. ते पाण्यातूनच मोरीकडे गेले आणि स्वतःच्या खांद्यानं दार उचललं. पाणी उतरलं आणि कौतिकाभोवती एकेक पान वर आलं. त्याच ठिकाणी तिसऱ्या दिवशी कमळ फुललं, असं म्हणतात. ढिवरांनी गाठोडी सोडली आणि जाळी पुन्हा उन्हात वाळत घातली.

कौतिका पुढं म्हातारी होऊन, ढिवरांच्या मुलाबाळांच्या गोतावळ्यात वारली.

मोहटोल्यात आजही जेठात तलावाची लावणी होते. गावातली सगळ्यांत बुटकी बाई आधी पाण्यात उतरते आणि तिच्या कमरेला पाणी लागेल तिथं पहिला कंद रोवतात. तिच्यामागून टोपली घेऊन पाटील चालतो. कंद रोवून झाला की तो वाकून विचारतो, "पानी किती झालं, माय?" ती सांगेल तेवढीच मोरी उघडतात. आणि पोरीची उंची कमी म्हणून त्या गावात आजवर एकही सोयरीक मोडलेली नाही.