उघडी किनार

फार मागे, तुमच्या आजीलाही दात यायचे होते तेव्हा, आयसोना नावाच्या तुर्कमेन बाईने लेकासाठी भरतकामाचा इवलासा अंगरखा शिवला. खालची किनार तेवढी दुमडली नाही. तिकडची समजूतच अशी, की किनार शिवून संपवली तर पोराचं आयुष्यही तिथंच संपतं.

लेक वाढला, घोड्यावर बसून दूर गेला. अंगरखा पेटीत पडला, सोबतीला एक गंजकी सुई.

"सुईबाई, माझे धागे सुटतायत गं. किनार दुमडून टाक. आता कोण घालणार मला?"

"पेटीत नटून कुणाला दाखवणार, लाडोबा?" सुई हसली. "बरं, चल, दुमडते."

टाका पडणार तोच अंगरखा आक्रसला. "थांब गं. तो घोड्यावर असेल या वेळी."

आणि त्याने आणखी एक धागा सुटू दिला.