रेमेतबायचं मागणं

फार फार वर्षांपूर्वी, तेव्हा राजा कोण होता हेही आता कुणाला आठवत नाही इतक्या वर्षांपूर्वी, समुद्राच्या काठी मासेमारांचं एक छोटं गाव होतं. गाव ख्रिस्ती होतं. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर क्रुसाचं दगडी देऊळ होतं. होड्यांना परतायला उशीर झाला की त्या देवळाची घंटा वाजायची, आणि बायका हातातलं काम टाकून तिथे मागणं मागायला जमायच्या.

आता मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, या गावाची रीत नीट ऐका. आपल्या घरचं मागणं आपण मागायचं नाही, अशी ती रीत होती. माझ्या नवऱ्यासाठी तू माग, तुझ्या भावासाठी मी मागते. देवापुढे उभं राहिलात की आधी शेजाऱ्याची आठवण ठेवा, असं कुणा जुन्या शहाण्याने कधीतरी सांगितलं होतं. सांगणं चांगलंच होतं. पण गावाने ते इतकं घट्ट धरलं, की स्वतःसाठी तोंड उघडणं म्हणजे हावरटपणा ठरला. एखादी बाई चुकून ‘माझा’ म्हणाली, तर बाकीच्या घसा खाकरायच्या.

मागणं मागण्यात रेमेतबायचा हातखंडा होता. आवाज गोड, शब्द तर असे की ऐकणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. ती विधवा होती. तिला दोन मुलगे होते, थोरला इनास आणि धाकटा सांतान. आदल्या वर्षी इनासची होडी काळ्या खडपावर आपटून फुटली आणि इनास बुडाला. हा खडप म्हणजे गावाच्या दक्षिणेला, भर समुद्रातला खडक. ओहोटीला तो डोकं वर काढायचा आणि भरतीला पाण्याखाली जायचा. मासळी तिथे खोऱ्याने मिळायची, पण वारा उठला की तिथून होडी परत आणणं फार थोड्यांना जमायचं.

इनासला माती दिली आणि दुसऱ्याच दिवशी रेमेतबाय देवळात उभी राहून इतरांच्या होड्यांसाठी मागत होती. डोळ्यांत टिपूस नाही, देवाविरुद्ध एक शब्द नाही. गाव थक्क झालं. श्रद्धा असावी तर अशी, असं जो तो म्हणू लागला. रेमेतबायलाही ते आवडलं, उगाच खोटं कशाला बोला. पण त्या दिवसापासून तिचं आणि देवाचं बोलणं सगळं दुसऱ्यांच्या घरांबद्दल होतं. स्वतःच्या घराचं दार तिने देवाला लावून घेतलं होतं, आणि आत काय कुजतंय ते ती स्वतःही बघत नव्हती.

आत जे कुजतं ते बाहेर येतंच. रेमेतबायच्या घरी ते सांतानवर निघायचं. तो जाळं विणायला बसला की तिला इनासचे हात आठवायचे. त्याने होडी धुतली तरी तिला ती घाण दिसायची. सांतान अबोल होता. ऐकून घ्यायचा आणि उठून जायचा.

एके दिवशी सकाळी सांतान फाटकं जाळं आणि रिकामी टोपली घेऊन घरी आला. रेमेतबाय त्याला बोलली. काय बोलली ते पुढे कळेलच, कारण ते तिला तोंडाने सांगावं लागलं. सांतान न जेवता तसाच उठला आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर पुन्हा होडी घेऊन गेला. रेमेतबायने ताट झाकून ठेवलं, आणि आपण काय बोललो त्यावरही झाकण घातलं.

दुपारी वारा फिरला. आधी वाळू उडाली, मग झावळ्या सळसळल्या, आणि बघता बघता समुद्र पांढरा झाला. देवळाची घंटा वाजली. बायका धावत आल्या आणि रेमेतबाय वेदीपुढे उभी राहिली. तिने प्रत्येक घराचं नाव घेऊन मागणं मागितलं. मागणं चालू असतानाच एकेक होडी किनाऱ्याला लागत होती, आणि एकेक बाई डोळे पुसत बाहेर धावत होती.

सगळ्या होड्या आल्या. सांतानची आली नाही.

गावातला सगळ्यांत जुना दर्यावर्दी म्हणजे पेद्रूबाबा. तो देवळाच्या दाराशी आला आणि सांतान कुठे गेला म्हणून त्याने विचारलं. भरती सुरू झाली होती. एवढ्या वाऱ्यात टिकेल अशी एकच मोठी होडी गावात होती, आणि पाणी चढायच्या आत ती एकाच दिशेला जाऊ शकत होती. उत्तरेला की दक्षिणेला, एवढं तरी कळायला हवं होतं.

“मला नाही ठाऊक,” रेमेतबाय म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. मनाच्या ज्या कोपऱ्यात ते ठाऊक होतं तिकडे ती बघतच नव्हती.

सांतान नेहमी उत्तरेच्या खाडीकडे जातो, तिकडेच जाऊ, असं ठरवून पेद्रूबाबा माणसं गोळा करायला गेला.

आता रीतीप्रमाणे सांतानसाठी मागायची पाळी शेजारणीची होती. ही शेजारीण नातालबाय, मनाने भाबडी. ती पुढे झाली, हात जोडले आणि अडखळली. सांतानसाठी नेमकं काय मागू, असं तिने हळूच विचारलं. सगळ्यांसाठी मागतात तेच माग, असं रेमेतबायने सांगितलं. तिच्या आवाजात कंप नव्हता, पण पदराचं टोक तिच्या मुठीत पार चुरगळलं होतं.

बाकावर म्हातारे धर्मगुरू बसले होते. त्यांना नीट दिसत नसे, पण ऐकू चांगलं येई. ते उठले आणि नातालबायला त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं.

“रेमेतबाय, तुझं मागणं तूच माग.”

“आपली रीत नाही तशी, बाबा.”

“रीत आपण घातली. लेक देवाने तुला दिला. आपल्या प्रभूनेसुद्धा मरणाच्या आधी बापाला सांगितलं होतं, हा प्याला माझ्यापुढून जाऊ दे. त्याला लाज वाटली नाही, तुला कसली वाटते?”

बाहेरून मोठी होडी वाळूवरून ढकलल्याचा आवाज येत होता. रेमेतबायने गुडघे टेकले आणि सवयीने सुरुवात केली. हे दयाघना प्रभू, अवघ्या सागराच्या स्वामी, तुझी इच्छा पूर्ण होवो. एवढं म्हणून ती थांबली. हेच शब्द तिने इनासला माती देताना म्हटले होते. ते आता तिला पुढे म्हणवेनात.

मग जे बोलली ते तिच्या नेहमीच्या गोड आवाजात नव्हतं.

“मला माझा इनास हवाय.”

कुणीतरी घसा खाकरला. तिला ते ऐकू गेलं नाही.

“तू देणार नाहीस, ठाऊक आहे मला. तरी हवाय. वर्षभर तुझ्यापुढे उभी राहून मी सगळ्यांची पोरं मागितली, तू दिलीस, आणि मी दरवेळी मनात म्हटलं, मग माझंच का नेलंस? तुझा राग आलाय मला. तुला सांगायला भ्यायले, म्हणून तो धाकट्यावर काढला. आज सकाळी त्याला म्हटलं, इनास असता तर काळ्या खडपावरनं होडी भरून आणली असती, तुझ्या अंगात ती धमक नाही. म्हटलं, दर्याला एक न्यायचाच होता, तर…”

ती थांबली. पुढचं बोलायचं तर जीभ उचलेना. पण ज्या देवापुढे ती बोलत होती त्याने ते सकाळीच ऐकलं होतं, हे तिला आता कळलं.

“तर तुला का नाही नेलं, असं म्हणाले मी त्याला. बापा, ते खोटं होतं. मला दोघंही हवे होते. सांतान मला हवाय. आहे तसा हवाय.”

ती रडू लागली, वर्षभराचं एकदम. आणि रडता रडता आपलेच शब्द तिच्या कानात शिरले. काळा खडप. सांतान उत्तरेला गेलाच नव्हता. आपल्या अंगात धमक आहे हे आईला दाखवायला तो दक्षिणेला, खडपावर गेला होता.

रेमेतबाय उठली आणि अनवाणी किनाऱ्याकडे धावली. मोठी होडी पाण्यात उतरली होती, तिचं पुढचं टोक उत्तरेकडे वळलं होतं. रेमेतबाय कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि होडीची कड धरून, दक्षिणेला, काळ्या खडपावर जा, असं ओरडून सांगू लागली. पेद्रूबाबा चिडला. नेहमीची खाडी सोडून सांतान खडपावर जाईल कशाला, असं त्याने विचारलं. तेव्हा देवळात देवाला सांगितलेलं तिने तिथे उभ्या असलेल्या सगळ्या गावासमोर पुन्हा सांगितलं. सकाळी मुलाला काय म्हणाली, अगदी शब्दाला शब्द.

पेद्रूबाबाने वल्हं फिरवलं आणि होडी दक्षिणेला वळली.

मग वाट पाहणं आलं. समुद्र चढत होता, सूर्य उतरत होता. रेमेतबाय पाण्यातच उभी राहिली. आज तिच्यापाशी चांगले शब्द उरले नव्हते. ती फक्त मुलाचं नाव घेत होती आणि नातालबाय शेजारी उभी राहून तिच्याबरोबर तेच नाव घेत होती.

सांतानची होडी खडपावर फुटली होती. तो खडकाच्या टोकाला धरून उभा होता, आणि पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. उत्तरेला जाऊन मग दक्षिणेला आले असते, तर त्यांना नुसतं पाणी दिसलं असतं. हे पेद्रूबाबा पुढे मरेपर्यंत सांगत असे.

सांतानला होडीतून किनाऱ्यावर उतरवलं तेव्हा तो थंडीने कुडकुडत होता. आईला पाहून त्याने मान खाली घातली. होडी गेली, मासळीही नाही, असं काहीतरी तो पुटपुटला.

रेमेतबायने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“सकाळी बोलले ते सगळं मी देवाला सांगितलं,” ती म्हणाली. “त्याने ऐकून घेतलं. आता तुझी माफी मागते. तू मला हवायस, सांतान.”

सांतानने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि दोघं तशीच वाळूत बसली.

इनास काही परत आला नाही. पण त्यानंतर रेमेतबाय त्याच्यासाठी देवापुढे रडू लागली, आणि सांतानवर ओरडणं तिने सोडलं. पुढच्या वेळी घंटा वाजली तेव्हा तिने सगळ्यांसाठी मागितलं आणि शेवटी स्वतःच्या घराचं नाव घेतलं. कुणीही घसा खाकरला नाही. उलट एका कोपऱ्यातून एक बाई हुंदका देत म्हणाली, “माझा नवरा,” आणि दुसरी म्हणाली, “माझं मूल.” देवळात त्या दिवशी बराच वेळ मागणं चाललं.

म्हणून लक्षात ठेवा: देवापुढे जाताना शब्द सजवत बसू नका, मनात जे सगळ्यांत खोल सलतं आहे तेच त्याच्यापुढे उघडं करा.