लख्ख पिस्तूल

पिस्तुलं माणसांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. यमुनाबाईंनी घरातलं जुनं पिस्तूल विकायला काढलं. चारचौघांत बरं दिसावं म्हणून चिंच आणि राखेनं लख्ख घासलं. त्यात कारागिराचं कोरलेलं नाव पुसलं गेलं.

जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याच्या शेजारी पिस्तुलाची एक परदेशी नक्कल होती, ओल्या मातीत पुरून मुद्दाम गंजवलेली.

"आजोबा, फारच नटून आलात!" ती हसली.

दुकानदारानं दोन्ही निरखली. "बाई, अस्सल असं गंजलेलं असतं. तुमचं बनावट आहे."

"अहो, सासऱ्यांच्या आजोबांचं आहे ते!"

"भट्टीत वितळवायला द्या."

यमुनाबाईंनी डोळे पुसत ते भंगाराच्या टोपलीत ठेवलं.

नक्कल वरमली. "आजोबा, खोटी मी आहे. सांगते त्यांना."

"नको. मग माझं नाव कुणी पुसलं, तेही सांगावं लागेल. फार मायेनं घासलंय गं त्यांनी."